महापालिकेला चिठ्ठी का नाही दिसली?

यंदा किंक्रांतीच्या दिवशी, म्हणजे १५ जानेवारी २०२६ ला, महापालिकेचं मतदान करून बाहेर आल्या आल्या माझी मावशी मला म्हणाली, "अगं, ती चिठ्ठी आलीच नाही की." मावशी धनकवडीला राहते, वय बहात्तर, एकही मतदान चुकवत नाही. लोकसभेला आणि विधानसभेला तिने त्या काचेच्या खिडकीत चिठ्ठी बघितली होती, आपलं चिन्ह आलंय ना ते बघितलं होतं आणि मगच ती हलली होती. यावेळी चार बटणं दाबली, चार वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका, शेवटी मोठा बीप वाजला आणि संपलं. तिला वाटलं मशीन बिघडलंय, तिथल्या मॅडमना विचारायला लागली, मागे रांग वाढली, मॅडम म्हणाल्या "आजी झालं तुमचं मतदान, चला." घरी येईपर्यंत तिचं एकच चाललं होतं, मग माझं मत कुठं गेलं ते मला कळणार कसं?

मशीन बिघडलं नव्हतं. महापालिकेच्या मशीनला चिठ्ठीचा डबा नसतोच. पण मावशीचा प्रश्न बरोबर होता, आणि मला तिला नीट उत्तर देता येईना, म्हणून गेले काही आठवडे मी हे सगळं वाचून काढलं. मी स्वतः एका पतसंस्थेत हिशोबाचं काम करते आणि आमच्या मंडळाचं वर्गणीचं पावतीपुस्तक बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे मला ही गोष्ट हिशोबाच्या बाजूनेच समजली आणि तशीच सांगते.

आधी यंत्र. लोकसभा-विधानसभेला तीन डबे असतात. पडद्याआड बॅलट युनिट, ज्याच्यावर आपण निळं बटण दाबतो. त्याच्या शेजारी व्हीव्हीपॅट, म्हणजे चिठ्ठी छापणारा प्रिंटर. आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर कंट्रोल युनिट, मतं साठतात ती याच्यात. बटण दाबलं की प्रिंटर चिठ्ठी छापतो, तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह, सात सेकंद ती खिडकीत दिसते, मग कापली जाऊन खाली सीलबंद पेटीत पडते. तुमचं नाव तिच्यावर कुठंच नसतं. आणि ती घरी नेता येत नाही, यात बऱ्याच जणांना खटकतं, पण विचार करा, चिठ्ठी घरी नेता आली असती तर ज्याने पाकीट वाटलंय तो दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाला असता दाखव चिठ्ठी. आज पैसे घेऊनही माणूस आत जाऊन हवं ते बटण दाबू शकतो आणि कुणाला कळत नाही, तेवढंच गरिबाच्या हातात आहे, ते जाऊन चालणार नाही.

आता इथं हिशोबातली खरी अडचण सुरू होते. आमच्या मंडळाच्या पुस्तकात एक पावती वर्गणी देणाऱ्याला जाते आणि स्थळप्रत पुस्तकात राहते. विसर्जनानंतर मी स्थळप्रतींची बेरीज करते, पेटीतली रोकड आणि खात्यावरची रक्कम बघते, ताळा जमला तर ठीक. नाही जमला तर स्थळप्रत काढते आणि तळमजल्यावरच्या काकूंना फोन लावते, काकू तुम्ही ५०१ दिले होते की १०१? म्हणजे माझ्याकडे शेवटचा उपाय आहे, ज्याने पैसे दिले त्यालाच विचारायचं. मतदानात हा उपायच नाही. कुणी कुणाला मत दिलं हे मशीनला माहीतच असता कामा नये, त्यामुळे नंतर कुणाला फोन करून विचारायची सोयच राहत नाही. लोक मला म्हणतात यूपीआयवर एवढे व्यवहार होतात, भाजीवाला सुद्धा क्यूआर लावून बसलाय, मग मतदानाच्या मशीनवर एवढी शंका कशाला. अहो पण यूपीआयमध्ये पैसे गेले की तुम्हाला मेसेज येतो, पासबुकात नोंद दिसते, चुकलं तर तक्रार करता येते, समोरच्याचं नाव दिसतं. यातली एकही गोष्ट मताच्या बाबतीत शक्य नाही. पैशाचा हिशोब सोपा आहे, मताचा हिशोब त्याच्यापेक्षा कितीतरी अवघड आहे कारण तो नावं पुसून करायचा आहे.

म्हणून ती चिठ्ठी. मतदाराने स्वतः डोळ्याने बघितलेली, नाव नसलेली स्थळप्रत. मशीनच्या बेरजेशी ताळा घालायला दुसरी, स्वतंत्र नोंद.

ही दुसरी नोंद नसली की काय होतं ते आपल्या पुण्यातच घडलंय. २०१४ च्या विधानसभेत पर्वती मतदारसंघात व्हीव्हीपॅट नव्हतं. हरलेल्या उमेदवाराने निकालावर शंका घेतली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१७ मध्ये कोर्टाने तिथल्या एका केंद्रावरचं मशीन हैदराबादच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासायला पाठवलं. प्रयोगशाळेने सांगितलं छेडछाड झालेली नाही. मी ते मान्य करते. पण बघा ना, निवडणूक २०१४ ची, मशीन तपासायला तीन वर्षं गेली, त्यासाठी हायकोर्ट लागलं, प्रयोगशाळा लागली, आणि शेवटी पर्वतीच्या मतदाराला तज्ज्ञांच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागला. तेच चिठ्ठ्या असत्या तर त्या केंद्रावरच्या हजारभर चिठ्ठ्या टेबलावर ओतून दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर तासाभरात मोजून झाल्या असत्या. माझ्या मावशीलाही कळलं असतं.

त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत महापालिकेच्या निकालानंतर पुण्यात ईव्हीएमची अंत्ययात्रा निघाली होती, अनेकांना आठवत असेल. २०२४ च्या विधानसभेनंतर डॉ. बाबा आढाव वयाच्या ९५ व्या वर्षात महात्मा फुले वाड्यात तीन दिवस उपोषणाला बसले. दरवेळी एक बाजू म्हणते मशीनमध्ये घोळ, दुसरी बाजू म्हणते हरले की रडतात, आणि मला दोन्हीकडचं ऐकून वाटतं की आपण चुकीच्या प्रश्नावर भांडतोय. घोळ झाला का, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. घोळ झाला असता तर पकडला गेला असता का, हे मात्र तपासता येतं, कारण ते पद्धतीवर अवलंबून आहे.

संगणकवाल्यांमध्ये याला एक नाव आहे, सॉफ्टवेअरवर न विसंबणं. रॉन रिव्हेस्ट आणि जॉन वॅक या दोघांनी २००६ मध्ये ही कल्पना मांडली, आणि रिव्हेस्ट म्हणजे ज्यांच्या नावातला पहिला र आरएसए या एन्क्रिप्शनमध्ये आहे तेच, म्हणजे संगणकाला घाबरणारा माणूस नव्हे. त्यांचं म्हणणं साधं आहे, सॉफ्टवेअरमध्ये लक्षात न आलेली चूक असेल तर तिच्यामुळे निकालात लक्षात न येणारा फरक पडता कामा नये. चूक होऊ नये असं नाही म्हणत ते, झाली तर दिसली पाहिजे म्हणतात. आमच्या पतसंस्थेतही तेच आहे. कॅशियर प्रामाणिक आहे हे सगळ्यांना माहिती असतं तरी संध्याकाळी कॅश टॅली होतेच, आणि त्यात कॅशियरचा अपमान नसतो.

आणि चूक म्हणजे दरवेळी बदमाशीच असं पण नाही. बेल्जियममध्ये ब्रुसेल्स भागात स्कारबेक नावाची नगरपालिका आहे, तिथं मे २००३ मध्ये संगणकावर मतदान झालं आणि एका उमेदवाराला शक्यच नाहीत इतकी मतं दिसली. तिथं मतं चुंबकीय कार्डांवर पण नोंदलेली होती, ती पुन्हा वाचली तेव्हा फरक निघाला बरोबर ४०९६ मतांचा. संगणकातला माणूस हा आकडा बघून लगेच सांगेल, बारा दोन एकमेकांना गुणले की ४०९६ येतात, म्हणजे मेमरीतला एक बिट, संगणकाचा एक आकडा, शून्याचा एक झाला, बहुधा आपोआप. कुणी काही केलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच, की हे पकडलं गेलं कारण आकडा अशक्य होता आणि दुसरी नोंद होती. आकडा शक्यतेतला असता, म्हणजे ४०९६ च्या ऐवजी २५६ ने वाढला असता, तर कुणी कार्डं पुन्हा वाचायला घेतली असती का?

आपल्याकडे ईव्हीएम पहिल्यांदा वापरलं १९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात, ५० केंद्रांवर, आणि कायद्यात मशीनची तरतूद नाही म्हणून १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या केंद्रांवरचं मतदान रद्द करून पुन्हा घ्यायला लावलं. मग कायदा बदलला, २००४ ची लोकसभा सगळीच्या सगळी मशीनवर झाली. चिठ्ठी यायला २०१३ उजाडलं. नियम ऑगस्टमध्ये बदलला, सप्टेंबरमध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत पहिल्यांदा वापर, आणि ८ ऑक्टोबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कागदी नोंद ही मोकळ्या आणि निष्पक्ष निवडणुकीची अत्यावश्यक गरज आहे, टप्प्याटप्प्याने सगळीकडे आणा. २०१९ च्या लोकसभेला सगळीकडे आली. म्हणजे मशीन सगळीकडे पोचल्यावर चिठ्ठी सगळीकडे पोचायला पंधरा वर्षं लागली.

बरं, चिठ्ठी आली. आता ती उपयोगी पडायला दोन गोष्टी लागतात, मतदाराने ती वाचली पाहिजे आणि नंतर कुणीतरी मोजली पाहिजे. दोन्हीकडे आपण कमी पडतो.

वाचण्याचं बघा. सात सेकंद हातात असतात आणि आपण बहुतेक जण बटणाकडे किंवा लाल दिव्याकडे बघत असतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, खोटं खोटं मतदान ठेवलं आणि मशीनमधून मुद्दाम चुकीचं नाव छापून दिलं, तिथं तर कागद हातात मिळत होता, तरी फक्त ६.६ टक्के लोकांनी येऊन सांगितलं की हे चुकलंय. बाकीच्यांनी एक तर बघितलंच नाही किंवा बघून सोडून दिलं. मी वाचून थक्क झाले, मग स्वतःला विचारलं की विधानसभेला मी तरी चिठ्ठीवरचं नाव वाचलं होतं का, आणि खरं सांगायचं तर मी फक्त चिन्ह बघितलं होतं. मावशी मात्र वाचते. तिचा वाचायचा चष्मा वेगळा आहे, तो ती पर्समध्ये घालून नेते.

समजा तुम्हाला खरोखर चुकीचं चिन्ह दिसलं तर? नियम आहे, ४९ एमए. केंद्राध्यक्षांना सांगायचं, ते लेखी घेतात, मग सगळ्यांसमोर एक चाचणी मत देऊन बघतात. चाचणीत चिठ्ठी बरोबर आली तर तुमची तक्रार खोटी धरली जाऊ शकते आणि तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मला हे पटत नाही. मघाशी एकदा चुकलेलं मशीन दुसऱ्यांदा बरोबर छापू शकतं, मतदार कसं सिद्ध करणार? सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निकालात आकडा आहे, तोवर देशभरात अशा फक्त २६ तक्रारी झाल्या आणि एकातही फरक आढळला नाही. आयोग म्हणतो याचा अर्थ मशीन बरोबर आहेत. असू शकतील. पण जिथं तक्रार केली तर तुरुंगाची भीती, तिथं तक्रारी कमी आल्या यावरून मी तरी फार काही ठरवणार नाही.

आता मोजण्याचं, आणि इथंच मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

सगळ्या चिठ्ठ्या मोजत नाहीत. आधी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या एका केंद्राच्या मोजायचे. २१ विरोधी पक्ष कोर्टात गेले, ५० टक्के मोजा म्हणाले, आणि ८ एप्रिल २०१९ ला सुप्रीम कोर्टाने एकाचे पाच केले. तेच आजही चालू आहे. मतमोजणीच्या दिवशी केंद्रांच्या क्रमांकाची कार्डं डब्यात टाकून उमेदवारांच्या माणसांसमोर पाच काढतात, मग बँकेतल्या कॅशियरच्या पिंजऱ्यासारखा जाळीचा कक्ष असतो तिथं बसून चिठ्ठ्या खणाखणात लावून मोजतात. मशीनची बेरीज आणि चिठ्ठ्यांची बेरीज वेगळी आली तर त्या केंद्रापुरती चिठ्ठी खरी धरतात. पुणे लोकसभेचं म्हणाल तर कोरेगाव पार्कच्या अन्न महामंडळाच्या गोदामात मोजणी होते, वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, कॅन्टोन्मेंट, कसबा असे सहा विधानसभा मतदारसंघ, पाचाप्रमाणे तीस केंद्रं. एकूण केंद्रं दोन हजारांच्या आसपास.

तीस पुरेसे आहेत का? भात शिजला का बघायला एक शीत पुरतं असं आपण म्हणतो. पण भात ढवळलेला असतो, सगळी शितं एकाच पाण्यात शिजतात, म्हणून एक पुरतं. मतदान केंद्रं तशी नसतात. एखादी गडबड झालीच तर ती दहा केंद्रांत असेल आणि बाकी सगळी चोख असतील. डाळीत खडा आहे का हे बघायला पाच दाणे चावून भागत नाही.

आकडे घेऊ, मी एक्सेलमध्ये मांडून बघितले, हे फक्त गणित आहे, कुठल्या खऱ्या निकालाबद्दल मी काही म्हणत नाहीये. समजा एका मतदारसंघात ३०० केंद्रं आहेत आणि जिंकणारा ३,००० ला जरा कमी मतांनी पुढे आहे. एका केंद्रावर १५० मतं इकडची तिकडे गेली की फरक ३०० ने बदलतो. म्हणजे निकाल उलटायला १० केंद्रं पुरतात. आता ३०० मधून पाच केंद्रं उचलली तर त्या दहापैकी एक तरी हाताला लागण्याची शक्यता किती? साधारण १६ टक्के. शंभरातल्या ८४ वेळा पाचही केंद्रांचा ताळा अगदी बरोबर जमेल, सगळे टाळ्या वाजवून घरी जातील आणि निकाल चुकीचा असेल. आता हेच ३०,००० च्या फरकाला करून बघा. तिथं निकाल उलटायला १०० केंद्रं बिघडलेली हवीत, आणि मग तेच पाच उचलले तर ८७ टक्के वेळा पकडलं जातं. म्हणजे पाच हा आकडा चांगला की वाईट हे विचारण्यात अर्थ नाही, फरक किती आहे त्याच्यावर ते ठरतं.

आणि मग आपलंच २०२४ च्या विधानसभेचं बघा. कोथरूडला विजयाचा फरक लाखाच्या वर होता, वडगाव शेरीत पाच हजारांच्या आत. दोन्हीकडे केंद्रं मोजली पाचच. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला होता, तिथंही प्रत्येक विधानसभेमागे पाच. कोथरूडला कदाचित दोन मोजली असती तरी चाललं असतं! जिथं लाखाचा फरक आहे तिथं आणि जिथं गल्लीतल्या दोन सोसायट्यांएवढा फरक आहे तिथं एकच माप लावायचं, हे हिशोबाच्या धंद्यातल्या माणसाला बघवत नाही. आमच्याकडे ऑडिटर आला की जिथं जोखीम जास्त तिथली व्हाउचर जास्त काढतो, पाच म्हणजे पाच असं सगळ्या शाखांना करत नाही.

वरच्या उदाहरणात पकडण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर न्यायची असेल तर मोठ्या फरकाला आठ केंद्रं मोजून भागतं, आणि छोट्या फरकाला पाऊणशेच्या वर लागतात. सगळीच्या सगळी तीनशे नाही लागत, हेही लक्षात घ्या, कारण दुसऱ्या टोकाला जी मंडळी शंभर टक्के मोजा म्हणतात त्यांच्याशीही माझं पूर्ण जमत नाही. एका केंद्राच्या चिठ्ठ्या नीट मोजायला तासभर जातो, चिठ्ठी लांबीला जेमतेम बोटाएवढी, पातळ, थर्मल कागदाची, माणसं दमतात, दमली की चुकतात, आणि मग मोजणाऱ्याच्या चुकीमुळेच भांडणं लागतील.

फरकाप्रमाणे मोजायची ही पद्धत काही मी शोधलेली नाही. फिलिप स्टार्क नावाच्या अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संख्याशास्त्रज्ञाने २००७-०८ च्या सुमारास ती मांडली, तिला जोखीम मर्यादित ठेवणारं ऑडिट म्हणतात, आणि अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य २०१७ पासून राज्यभर ती वापरतं. तिथं आधी ठरवतात की निकाल चुकलेला असेल तर तो न पकडला जाण्याची शक्यता जास्तीत जास्त किती चालेल. मग सगळ्यांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून, त्या आकड्यावरून कुठले कागद काढायचे ते ठरतं, म्हणजे कुणाला आधी माहीत असायचा प्रश्न नाही. कागद काढत जायचे, जुळत गेले की लवकर थांबायचं. नाही जुळले तर थांबायचं नाही, अजून काढायचे, अजून काढायचे, वेळ पडली तर सगळे मोजायचे. मला यातला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो कारण आपल्याकडे नेमका तोच नाही. आपल्याकडे पाचातलं एक केंद्र जुळलं नाही तर त्या केंद्रापुरतं दुरुस्त होतं, पण मग उरलेल्या २९५ चं काय करायचं, अजून दहा काढायची का पन्नास, हे नियमात ठरवून दिलेलं नाही. ऑडिटरला पाच व्हाउचरमध्ये एक खोटं सापडलं आणि तो म्हणाला बरं एवढं दुरुस्त करा आणि निघून गेला, तर त्याला ऑडिट म्हणाल का?

अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात २०२० मध्ये अध्यक्षपदाचा निकाल बारा हजारांच्या आसपास मतांवर आला होता, एवढा कमी फरक म्हणून त्यांनी जवळपास ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या. फ्लॉइड नावाच्या काउंटीत अडीच हजारांवर मतपत्रिका मशीनमध्ये घालायच्याच राहिल्या होत्या, त्या सापडल्या. निकाल तोच राहिला, फरक थोडा कमी झाला. तरीही काही लोकांचं समाधान झालं नाही, आणि ते होणारही नव्हतं. पण ज्याला खरंच जाणून घ्यायचं होतं त्याच्यासाठी कागद होता.

आपल्याकडे २६ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, कागदी मतपत्रिका परत आणायचीही फेटाळली. कोर्टाने सांगितलं की आजवर चार कोटींच्या वर चिठ्ठ्या मोजल्या आणि फरक आढळला तो आंध्रातल्या मैदुकूरच्या एका केंद्रावर, तो पण सकाळची मॉक पोलची मतं पुसायची राहिली म्हणून. हा मॉक पोल म्हणजे मतदानाआधी एजंटांसमोर किमान पन्नास मतं टाकून मशीन बरोबर मोजतं का ते बघतात, मग ती पुसून टाकतात आणि त्या चिठ्ठ्या शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करतात. त्यात विसरणं अगदी माणसासारखं आहे आणि पकडलं गेलं ते चिठ्ठीमुळेच. कोर्टाने त्या निकालात नवी सोय दिली, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत अर्ज केला तर विधानसभेमागे ५ टक्के मशीनचे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आतली चिप, इंजिनिअरांकडून तपासून घेता येतात, खर्च अर्जदाराचा, छेडछाड निघाली तर परत. २०२४ ला त्याची फी एका मशीनच्या संचाला ४०,००० रुपये अधिक जीएसटी होती. म्हणजे आपण पुन्हा पर्वतीच्या प्रयोगशाळेकडेच गेलो, तज्ज्ञ तपासणार आणि आपण ऐकणार, आणि पेटीत चिठ्ठ्या तशाच पडून. जर्मनीच्या घटनात्मक कोर्टाने २००९ मध्ये तिथली मतदानयंत्रं रद्द करताना म्हटलं होतं की मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला खास ज्ञान नसताना तपासता आले पाहिजेत. मला हा निकष आपल्याकडे पण हवाय. मी मतपत्रिकेवर परत जा म्हणत नाही, बूथ ताब्यात घेऊन शिक्के मारत बसायचे दिवस मावशीने ऐकवलेत, मशीन मिनिटाला चारच्या वर मतं घेत नाही हा फायदा मोठा आहे. मशीन राहू दे. ताळा नीट घाला.

कागद आहे म्हणजे सगळं आलं असंही नाही. मे २०१८ ला भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत ऐन उन्हाळ्यात व्हीव्हीपॅट बंद पडली, ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं, कारण सेन्सरवर जास्त प्रकाश पडत होता. आणि मतदान संपल्यावर १७ सी नावाचा फॉर्म असतो, त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली त्याचा, त्याची प्रत प्रत्येक पोलिंग एजंटला मिळते. आमच्या भागातल्या दोन मुलांनी मागच्या वेळी एजंट म्हणून दिवसभर बसून संध्याकाळी तो कागद न घेताच घर गाठलं होतं, मी त्यांना म्हटलं अरे दिवसभराची कमाई तोच कागद होता.

आता मावशीचा प्रश्न. महापालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा आयोग वेगळा, कायदा वेगळा, मशीन पण वेगळी. पुण्यात ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक, एकेका मतदाराला चार मतं, एका प्रभागात तर पाच. राज्य आयोगाचं म्हणणं असं की एकापेक्षा जास्त मतं देता येतील अशा मशीनला जोडायचं व्हीव्हीपॅट अजून तयार नाही. २०१७ मध्ये नांदेड महापालिकेत एका प्रभागात प्रयोग म्हणून व्हीव्हीपॅट लावली होती, त्याच्यापुढे गाडी सरकली नाही. म्हणजे वर मी जे पाच की पाऊणशे, फासे की चिठ्ठ्या, एवढं सगळं लिहिलं त्यातलं महापालिकेला काहीच लागू होत नाही, कारण मोजायला कागदच नाही. फेरमोजणी मागितली तर तेच मशीन तोच आकडा पुन्हा दाखवेल. आणि फरक कुठं कमी असतात? प्रभागातच ना, तिथं शे-दोनशे मतांवर माणूस पडतो.

मावशीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती गहू निवडत होती. म्हणाली, चार चिठ्ठ्या छापायला काय अवघड आहे, तिकीट खिडकीवर चार माणसांची चार तिकिटं निघतातच की. तिकिटासारखं सोपं नाहीये ते, चार मतांच्या चिठ्ठ्या कुठल्या मतदाराच्या हे एकत्र जोडून कळता कामा नये, चारही वाचायला वेळ द्यायला पाहिजे, रांग वाढणार, हे मी तिला समजावलं. पण न सुटण्यासारखं त्यात काही नाही. पुढची महापालिका २०३१ ला आहे.